सहाच नावं

13 एप्रिल 2025 रोजी जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल मैदानावर रोरी मॅकिलरॉयने प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवलं आणि मास्टर्स विजेत्याचं हिरवं जॅकेट त्याच्या अंगावर चढलं. यूएस ओपन त्याने 2011 मध्ये, पीजीए चॅम्पियनशिप 2012 मध्ये आणि ब्रिटनमधली ओपन 2014 मध्येच जिंकली होती. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमधल्या या चार स्पर्धांना मेजर म्हणतात, आणि कारकिर्दीत कधी ना कधी त्या चारही जिंकल्या की ‘करिअर ग्रँड स्लॅम’ झालं असं मानतात. मॅकिलरॉयच्या आधी हे फक्त पाच जणांना जमलं होतं : जीन सॅराझेन, बेन होगन, गॅरी प्लेअर, जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स. वुड्सने ही चौकडी 2000 मध्ये पुरी केली. पुढचं नाव यायला पाव शतक जावं लागलं. या यादीत सॅम स्नीड नाही, अर्नोल्ड पामर नाही, टॉम वॉटसन नाही, ली ट्रेव्हिनो नाही, फिल मिकलसनही नाही. एवढे दिग्गज बाहेर राहिले, याचा अर्थ दोनच प्रकारे लावता येतो. एक तर त्या सहा जणांत इतरांपेक्षा काही अलौकिक होतं, किंवा ही यादी आपण समजतो त्यापेक्षा वेगळंच काही मोजते. मला दुसरं खरं वाटतं. चारही मेजर जिंकण्यातून खेळाडूची थोरवी कळत नाही. त्यातून एवढंच कळतं, की त्याच्या खेळात कोणतीही बाजू लंगडी नव्हती आणि त्याच्या ऐन भराच्या थोड्या वर्षांत चारही संधी त्याच्या वाट्याला आल्या. यातली पहिली गोष्ट त्याच्या हातातली आहे, दुसरी पुष्कळशी नाही.

आधी पहिलीबद्दल. या चार स्पर्धा केवळ तारखांनी वेगळ्या नाहीत. मास्टर्स दरवर्षी एकाच मैदानावर, निमंत्रितांमध्ये होते. ऑगस्टाचे फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, रुंद आहेत, गवत फारसं अडवत नाही. पण छिद्राभोवतीचे ग्रीन काचेसारखे घसरडे आणि उतरते आहेत. चेंडू ग्रीनवर पोचला म्हणजे झालं असं नसतं. तो ग्रीनच्या कोणत्या भागात थांबला यावर सगळं ठरतं. यूएस ओपनचा स्वभाव याच्या उलट. तिथे संयोजक मुद्दाम फेअरवे अरुंद करतात, कडेचं गवत वाढू देतात, ग्रीन कडक ठेवतात. पहिला फटका सरळ गेला नाही, तर पुढचा फटका निव्वळ सुटका करून घेण्यात जातो. चार दिवसांत पारइतका, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांइतका, स्कोअर झाला तरी खेळाडू खूश असतात. ब्रिटनची ओपन समुद्रकाठच्या वाळवट जमिनीवरच होते. अशा मैदानांना लिंक्स म्हणतात. तिथे झाडं जवळपास नसतात, वारा असतो, जमीन टणक असते, आणि विहिरीसारखे खोल बंकर चेंडू गिळायला टपलेले असतात. अमेरिकी मैदानांवर उपयोगी पडणारा उंच, मऊ उतरणारा फटका तिथे वाऱ्यावर उडून जातो. चेंडू खालून, जमिनीवरून पळवावा लागतो. मातीतला पहिलवान गादीवर उतरला की त्याला डाव नव्याने शिकावे लागतात, तसंच हे. पीजीए चॅम्पियनशिपला मात्र आज असा ठसठशीत स्वभाव नाही. जागतिक क्रमवारीतल्या जवळजवळ सगळ्या वरच्या खेळाडूंचा भरगच्च मेळा हीच तिची ओळख. पण 1957 पर्यंत पीजीए वेगळ्याच पद्धतीने खेळली जायची : एकास एक लढती, हरला तो बाहेर, आणि पुढच्या फेऱ्यांत दिवसाला 36 होल.

इतक्या वेगळ्या परीक्षा असल्यामुळे या यादीला काही अर्थ आहे, हे मान्य करायला हवं. ली ट्रेव्हिनोचं उदाहरण बोलकं आहे. यूएस ओपन, ब्रिटनची ओपन आणि पीजीए या तिन्ही त्याने प्रत्येकी दोनदा जिंकल्या, म्हणजे एकूण सहा मेजर. पण मास्टर्समध्ये तो संयुक्त दहाव्या क्रमांकापलीकडे कधी गेला नाही. त्याचा चेंडू खालून जाणारा आणि डावीकडून उजवीकडे वळणारा. ऑगस्टाला हवा उंच आणि बहुतेक ठिकाणी उजवीकडून डावीकडे वळणारा. त्यात त्या क्लबचं वातावरणही त्याला मानवत नसे. काही वर्षं तो गेलाच नाही, आणि गेला तेव्हा क्लबहाऊस टाळून गाडीपाशीच बूट बदलायचा. ट्रेव्हिनो थोर होता यात शंका नाही, पण त्याचा खेळ ऑगस्टाच्या कुलुपात बसत नव्हता. मिकलसनचंही थोडंफार असंच. लहान फटक्यांचा तो जादूगार, पण पहिला फटका बेभरवशाचा. हा दोष मास्टर्समध्ये खपून गेला आणि त्याने ती तीनदा जिंकली. यूएस ओपनमध्ये मात्र तो सहा वेळा दुसरा आला आणि पहिला एकदाही नाही. पूर्णतेची कसोटी म्हणून ही यादी इथपर्यंत खरी उतरते.

अडचण पुढे सुरू होते, कारण ही कसोटी मुळात ठरवली कोणी आणि कधी, हे पाहिलं की तिचा पाया हलतो. 1930 मध्ये बॉबी जोन्सने एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण ती चौकडी आजची नव्हती : ब्रिटन आणि अमेरिकेच्या दोन ओपन, आणि दोन्ही देशांच्या हौशी खेळाडूंच्या दोन स्पर्धा. जोन्स स्वतः हौशी होता. पैशासाठी तो खेळला नाही आणि 28 व्या वर्षी त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. ब्रिजमधल्या सगळे हात जिंकण्याच्या शब्दावरून पत्रकारांनी त्याच्या पराक्रमाला ग्रँड स्लॅम म्हटलं. पुढे त्याने ऑगस्टा नॅशनल उभारण्यात पुढाकार घेतला आणि 1934 मध्ये तिथली निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली, तीच मास्टर्स. दुसऱ्याच वर्षी सॅराझेनने ती जिंकली. शेवटच्या फेरीत तीन फटक्यांनी मागे असताना 15 व्या होलवर त्याने लांबून मारलेला दुसरा फटका थेट छिद्रात गेला. पाच फटक्यांचा होल दोनात संपला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये त्याने क्रेग वुडला हरवलं. आज आपण म्हणतो की त्या दिवशी सॅराझेनने करिअर ग्रँड स्लॅम पुरं केलं. त्या दिवशी तसं कोणीच म्हटलं नाही, कारण तशी संकल्पनाच नव्हती. ती रूढ झाली 1960 मध्ये. त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून पामर सेंट अँड्र्यूजला ओपन खेळायला निघाला होता. त्या प्रवासात पिट्सबर्गचा पत्रकार बॉब ड्रम याच्याशी झालेल्या गप्पांतून आजच्या चार स्पर्धांचं आधुनिक ग्रँड स्लॅम पुढे आलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पामर ती ओपन एका फटक्याने हरला, पण कल्पना टिकली. सॅराझेन आणि होगन यांना त्यांचा मान मागाहून, जुनी दप्तरं चाळून देण्यात आला.

मागाहून लावलेल्या मोजपट्टीचा दोष असा, की ती त्या काळच्या अडचणी विचारात घेत नाही. वॉल्टर हेगनने 11 मेजर जिंकल्या. वुड्स आणि निक्लॉस सोडले तर इतक्या कोणाच्याच नाहीत. पण त्याची शेवटची मेजर 1929 ची, आणि मास्टर्स सुरू झाली तेव्हा त्याचा बहर ओसरला होता. जी स्पर्धा अस्तित्वातच नव्हती, ती न जिंकल्याबद्दल त्याला यादीबाहेर ठेवणं याला न्याय म्हणता येणार नाही. दुसरी अडचण समुद्राची. अमेरिकी व्यावसायिकाला ओपन खेळायला जायचं तर काही आठवडे मोडायचे आणि बक्षीस प्रवासखर्चापेक्षा कमी. 1946 मध्ये स्नीड सेंट अँड्र्यूजला ओपन जिंकला, 150 पौंड मिळाले, खर्च वजा जाता तो तोट्यातच राहिला. पुढच्या वर्षी विजेतेपद राखायलाही तो गेला नाही. बायरन नेल्सनसारख्याने बाकीच्या तीन स्पर्धा जिंकल्या, पण ओपनकडे फारसा फिरकला नाही. आणि सर्वांत मोठी अडचण रंगाची. पीजीए ऑफ अमेरिका या संघटनेच्या घटनेत सदस्यत्व फक्त गोऱ्यांना देणारं कलम होतं, ते नोव्हेंबर 1961 मध्ये निघालं. 1962 ची पीजीए चॅम्पियनशिप लॉस एंजेलिसमध्ये व्हायची होती. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याने त्या कलमावर आक्षेप घेतल्यामुळे ती फिलाडेल्फियाजवळच्या अॅरोनिमिंकला हलवली गेली. तिथे ती जिंकली गॅरी प्लेअरने, आणि त्याच्या चौकडीतली ती तिसरी कडी ठरली. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो 1975 मध्ये. टेड ऱ्होड्स किंवा चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूंना ऐन उमेदीत चारही दारं उघडी असती तर काय झालं असतं, याचं उत्तर या यादीत शोधून सापडणार नाही.

तरीही कोणी म्हणेल, परिस्थिती सगळ्यांचीच आड येते, खरा खेळाडू वाट काढतोच. होगनने काढली की नाही? होगनची गोष्ट जरूर पाहावी, कारण ती दोन्ही बाजूंनी बोलते. फेब्रुवारी 1949 मध्ये त्याची मोटार समोरून येणाऱ्या बसवर आदळली. कंबर, खांदा, घोटा यांची हाडं मोडली, पायांतल्या रक्ताच्या गुठळ्यांनी जीवावर बेतलं. सोळा महिन्यांत तो उभा राहिला आणि 1950 ची यूएस ओपन जिंकला. 1953 मध्ये मास्टर्स जिंकली, यूएस ओपन जिंकली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओपन खेळायला स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला गेला. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा चेंडू तेव्हा अमेरिकी चेंडूपेक्षा आकाराने लहान होता. आधी जाऊन त्याने त्याचा आणि लिंक्सच्या जमिनीचा सराव केला, मग चारही फेऱ्यांत आधीपेक्षा कमी फटके घेत ओपन जिंकली. पुन्हा तो ओपन खेळला नाही. चिकाटीचा यापेक्षा मोठा दाखला गोल्फमध्ये नाही. पण त्याच वर्षी चारही जिंकायची संधी त्याला नव्हतीच, कारण पीजीए आणि ओपनच्या तारखा एकमेकींवर चढल्या होत्या. शिवाय दिवसाला 36 होल चालणं त्या पायांना झेपण्यासारखं नव्हतं. पीजीए त्याने 1946 आणि 1948 मध्ये, म्हणजे अपघाताआधी, जिंकून ठेवली होती. अपघात तीन वर्षं आधी झाला असता तर कदाचित हेच मनगट, हीच जिद्द असूनही होगनचं नाव यादीत नसतं.

आता माझ्या मुद्द्यातला दुसरा भाग, म्हणजे काळ. तीन मेजर हातात आल्यावर चौथी मिळवायला किती प्रयत्न लागले, हे मोजलं तर चकित करणारं चित्र दिसतं. सॅराझेनने मास्टर्स पहिल्या खेपेलाच जिंकली. होगनने ओपन पहिल्या आणि एकमेव खेपेला. प्लेअरला 1962 नंतर यूएस ओपन जिंकायला तीन प्रयत्न लागले, निक्लॉसला 1963 नंतर ओपन जिंकायला तीनच. वुड्सने जून 2000 मध्ये पेबल बीचला यूएस ओपन 15 फटक्यांनी जिंकून तिसरी कडी जोडली आणि पुढच्याच महिन्यात सेंट अँड्र्यूजला चौथी. म्हणजे 2025 पर्यंत ज्यांना जमलं, त्यांना तीन प्रयत्नांत जमलं. ज्यांना तेवढ्यात जमलं नाही, त्यांना कधीच जमलं नाही. मॅकिलरॉयने मास्टर्स अकराव्या प्रयत्नात जिंकून हा नियम मोडला, आणि म्हणून मला त्याचा विजय वुड्सच्या विजयापेक्षा मोठा नाही तरी जास्त अपवादात्मक वाटतो.

हे असं का होतं? सोपं उत्तर दडपणाचं दिलं जातं. सॅराझेन आणि होगन यांना आपण कशाच्या उंबरठ्यावर आहोत हे कोणी सांगत नव्हतं. मॅकिलरॉयला दर एप्रिलमध्ये पत्रकार तेच विचारत. ऑगस्टातली त्याची ती शेवटची फेरीही हेच सांगते. सुरुवातीलाच पार अधिक दोन, मग मोठी आघाडी, मग 13 व्या होलवर साधा छोटा फटका पाण्यात, आणि शेवटच्या होलवर हुकलेला जवळचा फटका. पण दडपणाने सगळं उलगडत नाही. मिकलसन यूएस ओपनमध्ये दुसरा आला ती सहाही वर्षं 1999 ते 2013 जूनपर्यंतची, आणि त्याने ओपन जिंकून तिसरी कडी जोडली ती 2013 च्या जुलैमध्ये. म्हणजे स्लॅमचं ओझं डोक्यावर येण्याआधीच तो हरत होता. वॉटसन पीजीएच्या प्लेऑफमध्ये हरला 1978 मध्ये. यूएस ओपन जिंकून तो एका पावलावर आला 1982 मध्ये. स्नीडचं यूएस ओपनमधलं दुर्दैव तर 1930 च्या दशकातच सुरू झालं, जेव्हा अशा चौकडीची कल्पनाही नव्हती. फक्त पामर दडपणाच्या सिद्धांतात नीट बसतो, कारण पीजीएमध्ये 1964, 1968 आणि 1970 अशा तीन वेळा तो संयुक्त दुसरा आला, तेव्हा बाकीच्या तीन स्पर्धा त्याच्या खिशात होत्या.

मला पटणारं कारण साधं आहे. गोल्फमध्ये सर्वोत्तम खेळाडूही बहुतेक वेळा हरतो. निक्लॉसने विक्रमी 18 मेजर जिंकल्या, पण 19 वेळा तो दुसरा आला. टेनिसशी तुलना केली तर फरक कळतो. 2009 ते 2016 या सात वर्षांत फेडरर, नदाल आणि जोकोविच अशा तिघांनी तिथली चारही विजेतेपदं पुरी केली. टेनिसमध्ये एका वेळी एकच प्रतिस्पर्धी समोर असतो आणि चांगला खेळाडू त्याचा खेळ बिघडवू शकतो. गोल्फमध्ये दीडशेच्या आसपास माणसं एकाच वेळी मैदानाशी झुंजत असतात. त्यातल्या एकाचा आठवडा अफाट लागला की तुम्ही काहीही करू शकत नाही. अशा खेळात मेजर जिंकण्याची खरी शक्यता खेळाडूच्या आयुष्यात काही मोजक्या वर्षांतच असते. 2000 मध्ये वुड्सने पीजीए टूरवरच्या 20 पैकी नऊ स्पर्धा जिंकल्या. त्या लाटेवर कोणतीही मेजर त्याच्या आवाक्यात होती. जे त्या लाटेत चौथी उरकतात ते यादीत येतात. लाट ओसरली की उरलेली स्पर्धा वर्षातून एकदाच येते, आणि दहा वर्षं म्हणजे फक्त दहा संधी.

यावर एक चांगला आक्षेप येऊ शकतो : मग मोजायचं तरी कसं? मेजरच्या एकूण संख्येवर जावं का? मला संख्या अधिक प्रामाणिक वाटते, पण तीही पुरेशी नाही. वॉटसनच्या आठ मेजर आहेत, सॅराझेनच्या सात. वॉटसनला पीजीए मिळाली नाही म्हणून तो सॅराझेनच्या खाली ठरत नाही. त्याच्या आठपैकी पाच एकट्या ओपनच्या आहेत म्हणून वरही ठरत नाही. संख्या उंची सांगते, चौकडी रुंदी सांगते, आणि हे दोन प्रश्न वेगळे आहेत एवढं ध्यानात ठेवलं तरी बराच वाद मिटेल. निक्लॉस आणि वुड्स यांनी चारही स्पर्धा प्रत्येकी किमान तीनदा जिंकल्या. त्या दोघांबाबत दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं, आणि म्हणून त्यांच्याविषयी कोणी वाद घालत नाही.

मोजपट्टी किती सैल असू शकते हे महिलांच्या गोल्फमध्ये अधिक उघड दिसतं. तिथे कोणत्या स्पर्धांना मेजर म्हणायचं हेच पुनःपुन्हा बदललं. 1973 ते 1978 या काळात वर्षाला फक्त दोनच मेजर होत्या. आज पाच आहेत. लुईझ सग्ज, मिकी राइट, पॅट ब्रॅडली, जुली इंकस्टर, कॅरी वेब, अॅनिका सोरेनस्टॅम आणि इन्बी पार्क या सात जणींना करिअर ग्रँड स्लॅमचा मान आहे, पण सग्जची चौकडी आणि पार्कची चौकडी यांतल्या सगळ्या स्पर्धा एक नाहीत. पार्कने 2015 मध्ये टर्नबेरीला ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा वाद झाला, की मेजर पाच असताना चार जिंकून पूर्णता कशी? पाचवी, एव्हियन, तिने 2012 मध्ये जिंकली होती, पण त्या स्पर्धेला मेजरचा दर्जा मिळाला पुढच्या वर्षी. चार वेगवेगळ्या मेजर पुरेत, असा निर्णय महिला गोल्फच्या एलपीजीए या संघटनेने दिला. मला तो योग्य वाटतो, पण तो माणसांनी बसून घेतलेला निर्णय होता, खेळातून आपोआप निघालेला नाही, हे विसरू नये.

2025 चा मोसम संपला तेव्हा पुरुषांमध्ये दोन खेळाडू ऐन उमेदीत एका पावलावर उभे होते. जॉर्डन स्पीथ 2017 पासून पीजीएची वाट पाहत होता, आणि त्याचे नऊ प्रयत्न वाया गेले होते. स्कॉटी शेफ्लरने 2025 मध्येच पीजीए आणि ओपन जिंकून तिसरी कडी जोडली. त्याला हवी होती यूएस ओपन, जिथे 2022 मध्ये तो एका फटक्याने हुकला होता. शेफ्लर तेव्हा त्याच लाटेवर होता. त्यानंतरच्या पहिल्या तीन यूएस ओपनमध्ये त्याने काम उरकलं तर नवल नाही. त्यात जमलं नाही, तर मॅकिलरॉयचा अपवाद दुसऱ्यांदा घडेल यावर मी तरी पैज लावणार नाही.